उभ्या गाडीतला प्रवास

श्रोतेहो, आपल्यापैकी ज्यांच्या घरी रस्त्यावरून आणलेला देशी कुत्रा असेल, त्यांनी आज घरी गेल्यावर त्याचे कान जरा नीट पाहावेत. एका कानाच्या कडेला लहानशी त्रिकोणी खाच दिसली, तर त्या कुत्र्याची नसबंदी झालेली आहे आणि ती करण्यासाठी त्याला कधीतरी जाळे टाकून पकडले होते, असे समजावे. पकडल्यावर त्याला गाडीतल्या पिंजऱ्यात घातले जाते, गाडी हलते, शेजारच्या पिंजऱ्यांतून अनोळखी कुत्र्यांच्या भीतीचा वास येत राहतो आणि प्रवासाच्या शेवटी शस्त्रक्रियेची वेदना असते. हा कार्यक्रम आवश्यक आहे, मी स्वतः पशुवैद्य म्हणून त्याच्या बाजूचा आहे आणि अशी खाच असलेल्या कुत्र्याला रेबीजची लसही टोचलेली असते, हे मला ठाऊक आहे. पण कुत्र्याला यातले काहीच ठाऊक नसते. पत्र्याची मोठी गाडी आली की आपल्याला उचलून नेतात, एवढेच तो त्या एका दिवसात शिकतो आणि हा धडा आयुष्यभर विसरत नाही.

आमच्या तांबूच्या डाव्या कानाला अशी खाच आहे. निवृत्तीनंतर मी आणि माझ्या पत्नीने एक जुना टेम्पो ट्रॅव्हलर घेतला, त्यात दोन पलंग, ओटा, पाण्याची टाकी, बॅटरी आणि इन्व्हर्टर बसवून घेतला आणि पुण्याहून कोल्हापूरमार्गे आंबा घाट उतरून रत्नागिरीला जायचे ठरवले. त्या पहाटे तांबू पायरीपाशी अडून बसला. मी त्याला दोन्ही हातांवर उचलले, आत ठेवले आणि दार लावून घेतले. दुसऱ्या कोणी माझ्या दवाखान्यात येऊन असे केल्याचे सांगितले असते, तर मी त्याला चांगले सुनावले असते. खंबाटकी चढेपर्यंत तांबूच्या लाळेने गोधडी भिजली, सातारा सोडल्यावर त्याला उलटी झाली आणि कऱ्हाडला चहासाठी थांबलो, तेव्हा तो पलंगाखालून बाहेर यायला तयार होईना. पुढच्या आठवड्यात किल्ल्यांचा जुडगा नुसता वाजला, तरी तो घरातल्या खाटेखाली जाऊन बसू लागला.

येथे पहिला प्रश्न असा पडतो की, हा त्रास गाडी लागण्याचा की भीतीचा? दोन्हींत लाळ गळते, जांभया येतात, कुत्रा वारंवार ओठ चाटतो आणि थरथरतो, त्यामुळे मालकांची गल्लत होते. मी एक साधा निकष वापरतो. गाडी सुरू होण्याआधीच, किंबहुना ती नुसती दिसताच लाळ सुरू झाली, तर ती भीती आहे. कुत्रा आनंदाने चढतो आणि पंधरा-वीस मिनिटांनी, विशेषतः वळणांवर, अस्वस्थ होतो, तेव्हा गाडी लागण्याचा संशय घ्यावा. पिल्लांमध्ये कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा पुरती पक्व झालेली नसल्यामुळे गाडी लागण्याचे प्रमाण जास्त असते आणि पुष्कळ पिल्ले वाढत्या वयाबरोबर त्यातून सुटतात. मात्र ज्याला चार वेळा गाडी लागली, तो पाचव्या वेळी गाडी पाहूनच घाबरतो, म्हणून मळमळीवर वेळीच उपाय करणे हा भीतीवरच्या उपायाचाच भाग आहे.

भीतीवरची रीत जुनी आहे. 1924 मध्ये मेरी कव्हर जोन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलावर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. मुलगा आवडीचा खाऊ खात असताना ससा खोलीत दूर ठेवायचा आणि मुलगा निर्धास्त राहील इतक्याच बेताने दिवसेंदिवस जवळ आणायचा, हा त्या उपायाचा गाभा. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला. कुत्र्याच्या बाबतीत ससा म्हणजे व्हॅन, इतकाच फरक. अंतर फार भरभर कमी केले, तर खाऊची गोडी सशाला लागण्याऐवजी सशाची भीती खाऊला चिकटते, ही गोष्ट मात्र ध्यानात ठेवली पाहिजे.

तांबूसाठी आम्ही गाडी सोसायटीच्या आवारात सावलीला उभी केली आणि जवळजवळ दीड महिना ती चालवलीच नाही. पहिले काही दिवस त्याची थाळी गाडीपासून पंधरा पावलांवर असे, मग दहावर, मग पायरीशी. दार उघडे, इंजिन बंद आणि गळ्यात पट्टा नाही. वाटेल तेव्हा निघून जाण्याची मुभा त्याला सतत होती. मला विचाराल, तर सगळ्या शिकवणीत ही मुभा सर्वांत महत्त्वाची, कारण जाळ्यात सापडलेल्या कुत्र्याकडून नेमकी तीच काढून घेतलेली असते. उंच पायरीऐवजी आम्ही रबर ठोकलेली लाकडी उतरती फळी लावली. नवव्या दिवशी त्याने पुढचे दोन पाय आत टाकले, मान लांब करून उकडलेल्या चिकनचा तुकडा उचलला आणि मागचे पाय फळीवरच ठेवून तो खाल्ला. पत्नी टाळी वाजवणार होती, मी तिचा हात धरला.

पुढे तो आत जाऊन झोपू लागला, तेव्हा आम्ही त्याच्या जेवणाच्या वेळी इंजिन सुरू करून अर्ध्या मिनिटात बंद करू लागलो, मग गाडी दहा फूट पुढे घेऊ लागलो, मग फाटकापर्यंत. एरवी पनीरवर झडप घालणारा कुत्रा समोरचे पनीर हुंगूनही खात नसेल, तर आपण एक पायरी जास्त चढलो, असे समजून निमूटपणे मागे यावे. घाबरलेल्या कुत्र्याला कुरवाळले तर त्याची भीती वाढते, असे बजावणारे लोक तुम्हाला भेटतील, त्यांच्याकडे दुर्लक्ष करावे. भीती ही भावना आहे; जवळ घेतल्याने ती बक्षीस मिळालेल्या खोडीसारखी वाढत नाही. कुत्रा आपणहून अंगाला चिकटला, तर खुशाल हात फिरवावा.

आता व्हॅनविषयी. साधी मोटार आणि कॅम्पर, म्हणजे आमच्यासारखी राहायची सोय केलेली गाडी, यांत कुत्र्याच्या दृष्टीने मोठा फरक असतो, कारण कॅम्परमध्ये अख्खे स्वयंपाकघर हलत असते. तांबू उभ्या गाडीत निवांत घोरायचा आणि गाडी आवारात फिरू लागली की मान वर करून एकाच कोपऱ्याकडे बघायचा. अखेर मी त्याच्या गोधडीवर आडवा झालो आणि पत्नीला चालत्या माणसाच्या वेगाने आवारातच एक फेरी मारायला सांगितले. आमचे पहारेकरी काका हे पाहून काय समजले असतील, कोण जाणे. पण गतिरोधकावर माझ्या डोक्यावरचे ताटाळे असे काही खणखणले की मी स्वतःच दचकलो. ताटांच्या मधून जुने पंचे घातले, वाट्या-चमचे कापडी पिशवीत गुंडाळले, बरण्यांच्या खाली रबराची चटई अंथरली आणि दुसऱ्या दिवसापासून तांबूने त्या कोपऱ्याकडे बघणे सोडले. कुत्र्याला सुमारे 45,000 हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, माणसाची मर्यादा 20,000च्या आसपास असते. त्यामुळे आपल्याला मुका वाटणारा इन्व्हर्टर त्याच्या लेखी मुका असेलच, असे नाही. शिवाय गुळगुळीत फरशीवर त्याची नखे घसरतात आणि घसरणारा कुत्रा कधीच निश्चिंत होत नाही, म्हणून जाड सतरंजी किंवा खाली न सरकणारी चटई हवीच.

कुत्र्याची जागा पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये आणि जमिनीलगत असावी. मागच्या चाकांच्याही मागे असलेल्या पलंगावर प्रत्येक खड्डा दुप्पट जाणवतो आणि दुर्दैवाने लोक कुत्र्याला तिथेच ठेवतात. चालत्या गाडीत त्याला मोकळे सोडू नये. ताशी 50 किलोमीटर वेगाने गाडी आपटली, तर आतला मोकळा कुत्रा सुमारे 10 मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून, पडावा तितक्या जोराने समोर आदळतो. छातीवर रुंद पट्टे असलेला हार्नेस गाडीच्या सांगाड्याला पक्क्या बसवलेल्या कडीत अडकवावा, गळपट्ट्याला कधीही बांधू नये. घट्ट बसवलेला क्रेट, म्हणजे कुत्र्याचा पिंजराही उत्तम, पण तो घरात आठवडाभर उघडा ठेवून ओळखीचा झालेला असावा.

औषधांविषयी थोडक्यात सांगतो. मळमळीसाठी मॅरोपिटंट हे कुत्र्यांसाठीचे औषध आहे आणि ते निघण्याच्या निदान दोन तास आधी द्यावे लागते. पोटभर जेवण चार-पाच तास आधीच उरकावे. भीती फार असेल, तर ट्रॅझोडोन किंवा गॅबापेंटिन यांसारखी औषधे आम्ही देतो, परंतु मात्रा पशुवैद्याने ठरवावी आणि पहिली गोळी प्रवासाच्या दिवशी न देता सुटीच्या दिवशी घरी देऊन परिणाम पाहावा. एसेप्रोमझीन या गुंगी आणणाऱ्या औषधाने कुत्रा पडून राहतो, मालकाला समाधान वाटते, पण भीती तशीच राहते आणि काही कुत्रे आवाजाला उलट अधिक दचकू लागतात. म्हणून प्रवासाच्या भीतीसाठी ते एकटे देणे मी थांबवले. माणसाची झोपेची गोळी अर्धी करून देणाऱ्यांशी मात्र मी भांडतो.

मुक्कामाच्या ठिकाणी दोन धोके असतात. पहिला उन्हाचा. बाहेर 30 अंश तापमान असताना बंद मोटारीत दहा मिनिटांत 40 आणि अर्ध्या तासात 48-49 अंश होऊ शकते, काच चार बोटे उघडी ठेवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. आणि घाबरलेला कुत्रा आधीच धापा टाकत असल्यामुळे तो लवकर तापतो. दुसरा धोका रात्रीचा. सह्याद्रीच्या कुशीत आणि अकोले-जुन्नरच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याच्या आहारात कुत्र्याचा वाटा मोठा आहे, तेव्हा गाडीबाहेर चाकाला बांधून कुत्र्याला राखणीला ठेवणे म्हणजे त्याला वाढून ठेवणे. पावसाळ्यात कोकणात उतरणार असाल, तर गोचिडांचे औषध आणि लेप्टोची लस यांची तारीख आधी तपासावी. आणि टपावर कोसळणाऱ्या पावसाचा आवाज त्याला घरच्या आवारातच ऐकवून ठेवावा. आम्ही जुलैतले दोन पाऊस त्यासाठी मुद्दाम गाडीत बसून काढले, भजी तळून.

आंबा घाट आम्ही दुसऱ्यांदा उतरलो, तो पहिल्या खेपेनंतर सात महिन्यांनी. दर तासाला थांबलो, घाटात गाडी तिसऱ्या गिअरच्या वर नेली नाही, मागून हॉर्न वाजवणाऱ्यांना वाट दिली. साखरप्याला दार उघडले, तेव्हा तांबू लगेच उतरला नाही. मला वाटले, पुन्हा तेच. मी वाकून पाहिले, तर तो कुशीवर झोपला होता. हाक मारल्यावर त्याने खाच असलेला कान तेवढा हलवला आणि डोळे पुन्हा मिटले.