सिग्रिदुरचा धबधबा

नमस्कार श्रोतेहो. आज आइसलँडला जाऊ. राजधानी रेक्याविकहून सकाळी निघालात की एका दिवसात तीन ठिकाणं आरामात होतात.

पहिलं थिंगव्हेटलिर. इथं उत्तर अमेरिका आणि युरेशिया हे दोन भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकतात, वर्षाला साधारण 2 सेंटिमीटर. खडक बेसाल्ट, आपल्या सह्याद्रीचाच काळा पाषाण. आपला सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, तिथला जेमतेम दहा हजार.

पुढे स्ट्रोक्कुर. जमिनीखाली दाबानं कोंडलेलं पाणी कुकरसारखं तापतं आणि दर सहा ते दहा मिनिटांनी वीस-वीस मीटर उसळतं. वाऱ्याच्या दिशेला उभे राहू नका, एवढं लक्षात ठेवा.

आता गुल्फॉस धबधबा! ह्वीता नदी इथं दोन टप्प्यांत 32 मीटर खाली झेपावते. जवळच्या ब्राट्होल्टच्या शेतात सिग्रिदुर टोमासदोत्तिर राहायची. तिच्या वडिलांकडे एका इंग्रजानं धबधबा विकत मागितला. ते म्हणाले, मी मित्राला विकत नाही. असं सांगतात हं, पण मला ते खरंच वाटतं. मित्राला विकत नाही!

पुढे मात्र धबधबा विजेसाठी भाडेपट्ट्यानं गेला. सिग्रिदुर उठली आणि चालत रेक्याविकला निघाली. शंभराहून जास्त किलोमीटर, वाटेत नद्या, धड रस्ता नाही. एकदा नाही, पुन्हा पुन्हा गेली. बांधकाम सुरू झालं तर याच पाण्यात उडी घेईन, म्हणाली. तिचे वकील होते स्वेन ब्यर्नसन. खटला ती हरली. हो, हरली! पण भाडं थकलं, 1929 मध्ये करार रद्द झाला, आणि धबधबा वाहता राहिला. ते वकील 1944 मध्ये आइसलँडचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. खाली उतरणारी पहिली पायवाटही सिग्रिदुर आणि तिच्या बहिणींनीच पाडली. वरच्या बाजूला दगडात तिचा चेहरा कोरलाय. तिथं थांबाच.

आणि आपल्याकडे पावसाळ्यात धबधब्यावर स्पीकर लावतात, ते बंद व्हायलाच हवं. पाण्याचा आवाज ऐकायलाच जातो ना आपण?

परतताना लाउगरवाट्नला उतरा. तळ्याकाठच्या गरम वाळूत डबा पुरून चोवीस तास भाजलेला राय ब्रेड मिळतो. गरम असतानाच लोणी लावून खा. नमस्कार.