दळता दळता ओवी

नमस्कार श्रोतेहो.

कविता म्हटली की पुस्तक आठवतं, नाहीतर व्यासपीठ. व्यासपीठावर सत्कारांत तास जातो आणि कवीच्या वाट्याला पाच मिनिटं येतात, ही रीत आता बदलायलाच हवी. ते असो. आज जायचंय जात्यापुढं, कारण आपली कितीतरी कविता तिथं जन्मली.

जातं तुम्हाला माहीत आहे, ते सांगत बसत नाही. एका हातात खुंटा, दुसऱ्या हातानं वैरण, म्हणजे दळायचं मूठमूठ धान्य. मुठीहून जास्त वैरण पडली की पीठ भरड येतं. वैरण संपून जातं रिकामं फिरलं की दगडावर दगड घासतो आणि पिठात कच उतरते. म्हणजे हात एका लयीत हवा, आणि ती लय सांभाळते ओवी. दोन ओळी, शेवटी यमक. ओळ फेऱ्याला अपुरी पडली तर ‘गं बाई’ घालून भरायची. लक्षात ठेवा, दोन ओळी, शेवटी यमक.

आता एक गोष्ट ऐका. कितीदा सांगितली तरी माझं मन भरत नाही. बहिणाबाई चौधरी 1880 साली जळगावजवळच्या असोद्याला जन्मल्या. 13 व्या वर्षी लग्न होऊन जळगावला आल्या. अक्षरओळख नव्हती. मुलगा सोपानदेव शाळेत जायचा. असं सांगतात, की एकदा त्यानं क्रमिक पुस्तकातला सावित्री-सत्यवानाचा धडा आईला वाचून दाखवला. धडा साधा, गद्य. रात्र सरली, आणि सकाळपर्यंत आईनं त्या धड्याचं गाणं केलं होतं! एका रात्रीत, श्रोतेहो. पाटी नाही, कागद नाही, खाडाखोडीची सोय नाही. ओळ जिभेवर बसली तरच टिकणार, नाहीतर गेली. मुलगा थक्क झाला आणि आईची गाणी वहीत उतरवू लागला. पुढे सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी झाले. आईची वही मात्र घरातच राहिली. 3 डिसेंबर 1951 ला बहिणाबाई गेल्या. मग सोपानदेवांनी त्या वहीतली कविता आचार्य अत्र्यांना ऐकवली. अत्रे म्हणाले, हे तर बावनकशी सोनं! 1952 मध्ये पुस्तक निघालं, त्यात 35 कविता. वहीत उतरल्या तेवढ्या टिकल्या.

बहिणाबाईंचं नाव राहिलं, पण दळताना रचणाऱ्या बाया गावोगाव होत्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांबरोबर खेडोपाडी फिरून लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर 2017 पासून त्या ऐकायला मिळतात.

तुमच्या घरात आजी असतील तर त्यांना खुर्चीवर बसवून “एक ओवी म्हणा” म्हणू नका. आठवणार नाही. हात थांबला की ओळही थांबते. जात्यापुढं बसवा, मूठभर गहू घाला. जातं नसेल तर सूप द्या, तांदूळ पाखडू द्या. पण हात चालता हवा. फोन जात्याला टेकवू नका, घरघरीत शब्द बुडतात. हातभर लांब, गोधडीच्या घडीवर, आजींच्या तोंडाच्या बाजूला ठेवा. मधे बोलू नका. चालीला बायका ‘गळा’ म्हणतात, तो पुरता होऊ द्या.

लिहिताना जसं म्हणतील तसंच लिहा. ‘पानी’ म्हटलं तर ‘पानी’च. तिथं ‘पाणी’ केलंत की पुढच्या ओळीतल्या ‘सोन्यावानी’शी जुळणारं यमक गेलं. शुद्धलेखनाच्या हौसेपायी अशा कितीतरी ओव्या लंगड्या झाल्यात, याचं फार वाईट वाटतं. खाली म्हणणारीचं नाव, माहेर, सासर लिहा.

आणि एका बैठकीवर थांबू नका. पहिल्या ओव्या देवाच्या येतात, ती रीतच आहे. माहेरच्या, भावाच्या, सासुरवासाच्या ओव्या हात तापल्यावर येतात, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा गहू घेऊन बसा.

नमस्कार.