दुखतं तर दुखतं म्हणा, आणि मोजपट्टी लावायला सांगा

मंडळी, आधीच सांगून टाकते, आज मी युद्धाच्या गोष्टी सांगायला आलेली नाही. तुमच्यापैकी काहींची मुलं, सुना, जावई इथल्या, म्हणजे अमेरिकेच्या, आर्मी-नेव्हीत होते किंवा आहेत, आणि बाहेर पडल्यावर व्हीएकडे, म्हणजे माजी सैनिकांचं बघणाऱ्या सरकारी खात्याकडे, जो डिसॅबिलिटीचा क्लेम टाकायचा असतो त्यातला व्रणांचा भाग कोणीतरी नीट समजावून सांगावा म्हणून मला बोलावलंय. मी हे क्लेम बघते, अपिलं बघते, आणि एवढं खात्रीने सांगते की व्रणाचा क्लेम लोक सगळ्यात हलक्यात घेतात. पाठ, गुडघा, पीटीएसडी म्हणजे भीषण प्रसंगानंतर उरणारा मानसिक त्रास, यांच्यामागे धावतात आणि व्रण काय, असू दे म्हणतात.

खरं तर सिद्ध करायला व्रणासारखी सोपी गोष्ट नाही. भरती होताना मेडिकल होते तेव्हा अंगावरच्या खुणा कागदावर येतात. आत जाताना कपाळ स्वच्छ आणि बाहेर पडताना तीन इंचाचा व्रण, तर तो कधी आला यावर वाद घालायला जागाच कमी उरते. जुन्या लोकांची मात्र पंचाईत होते, कारण १९७३ च्या जुलैत सेंट लुईसला सैनिकांच्या फायली ठेवायच्या सरकारी रेकॉर्ड सेंटरला आग लागली आणि दीड कोटीहून जास्त फायली गेल्या, त्यात आर्मीच्या १९६० पर्यंत सुटलेल्यांचं नुकसान सगळ्यात मोठं. तिथे मग सोबतच्या सैनिकाचं लेखी निवेदन, घरी पाठवलेली पत्रं, जुने फोटो, जे सापडेल ते लावायचं.

पण हे झालं पहिल्या पायरीचं, म्हणजे व्रण सर्व्हिसमधलाच आहे हे मान्य होणं. दुसरी पायरी म्हणजे रेटिंग, त्रास किती टक्के धरायचा ते, आणि लोक घसरतात ते इथे. जखम कशी झाली, किती रक्त गेलं, कोणाला वाचवताना झाली, याचा रेटिंगशी काहीएक संबंध नाही. व्हीए बघते ते आज तुमच्या कातडीवर काय आहे ते, इंचात आणि सेंटीमीटरमध्ये.

चेहरा, डोकं आणि मान यांचा हिशेब वेगळा. तिथे विद्रूपतेची आठ लक्षणं ठरलेली आहेत. व्रण ५ इंच किंवा जास्त लांब असणं, सगळ्यात रुंद जागी पाव इंच म्हणजे ०.६ सेंटीमीटर असणं, हाताला वर आलेला किंवा खोल गेलेला लागणं, आतल्या मांसाला चिकटलेला असणं, आणि मग रंग, पोत वगैरे ६ चौरस इंचाहून जास्त जागेत बिघडणं, अशी ती यादी. एक लक्षण असलं तर १० टक्के, दोन किंवा तीनला ३०, चार-पाचला ५०, सहा आणि पुढे ८०.

आता गंमत बघा. समजा एका मुलाच्या भुवईवर व्रण आहे, हाताला उंचवटा लागतो, आणि शेव्हिंग करताना किंवा हेल्मेट घालताना दुखतो. तपासणाऱ्याने पट्टी लावून रुंदी ०.६ लिहिली तर दोन लक्षणं झाली, ३० टक्के. दुखण्याचे वेगळे १०, ते व्हीएच्या रेटिंगच्या यादीतल्या ७८०४ नंबरच्या कोडखाली. व्हीएची बेरीज आपल्या शाळेतली नाही, शंभरातून ३० गेले की उरलेल्या ७० चे १० टक्के म्हणजे ७, एकूण ३७, मग जवळच्या दहावर नेऊन ४०. आणि त्याच माणसाने नजरेनेच बघून ०.५ लिहिलं तर? एकच लक्षण, १० टक्के, दुखण्याचे १०, बेरीज १९, म्हणजे २०. एका मिलीमीटरने रेटिंग अर्ध्यावर आलं. म्हणून मी सगळ्यांना सांगते, व्हीएच्या तपासणीला गेलात की नम्रपणे मोजपट्टी लावायला सांगा, भांडायचं नाही पण सांगायचं. रंगीत फोटोही काढून ठेवा, फिल्टर वगैरे न लावलेले, नियमातच लिहिलंय की असे फोटो विचारात घ्यायचे.

विद्रूपता आणि दुखणं यांचे पैसे वेगळे मिळतात हे पण आपोआप झालेलं नाही. एकाच त्रासाचे दोनदा पैसे नाहीत असा नियम आहेच. पण १९९४ मध्ये एस्टेबान विरुद्ध ब्राउन या खटल्यात, गाडीच्या अपघातात चेहऱ्याला मार लागलेल्या माणसाचं प्रकरण होतं, कोर्टाने म्हटलं की विद्रूपता, व्रणाचं दुखणं आणि चावायला होणारा त्रास हे तीन वेगळे त्रास आहेत, तिन्हींचे १०-१० द्या. आजही आम्ही तो निकाल उठताबसता लावतो.

बाकी अंगावरच्या व्रणांना नियम कंजूष आहे, मला तर फारच कंजूष वाटतो. आतल्या मांसाला इजा नसेल, वरवरचा भाजलेला व्रण असेल, तर १० टक्क्यांसाठी १४४ चौरस इंच लागतात, म्हणजे पूर्ण एक चौरस फूट. पाठीवर अर्ध्या फुटाचा चट्टा असला तरी शून्य! म्हणून तिथे सगळा भार दुखण्यावर येतो. दुखणारे किंवा वरचेवर कातडी सुटणारे व्रण एक-दोन असले तर १०, तीन-चार असले तर २०, पाच किंवा जास्त असले तर ३०, आणि एखादा व्रण दुखतोही आणि उघडतोही असं असेल तर वर आणखी १०. बॉम्बचे तुकडे लागलेल्याच्या पायावर सात व्रण असतात आणि रिपोर्टमध्ये येतं ‘अनेक व्रण’. अरे पण किती? मोजा ना. त्यातले दुखतात किती?

आणि इथेच आपली मुलं माती खातात. डॉक्टर विचारतात, काही त्रास? हे म्हणतात, नाही, ओके आहे. फौजेत कण्हायचं नाही हे अंगात भिनलेलं असतं, त्यात आपल्या घरचं वळण, कोणी विचारलं की बरं आहे म्हणायचं. पण दुखणं एक्स-रेत दिसत नाही, ते सांगायचा हक्क तुमचाच, आणि तुमचं सांगणं हाच पुरावा धरतात. २००८ च्या आधी नियमात ‘तपासणीच्या वेळी दुखणारा’ असे शब्द होते, ते आता नाहीत. त्या दिवशी नेमका दुखत नसेल तर थंडीत दुखतो, बुटाला घासून दुखतो, जे खरं आहे ते सांगा. वाढवून सांगू नका, तेही पकडलं जातं.

इथे बसलेल्या ज्या काकांनी भारतात फौजेत काढलीत त्यांना तिकडचं माहीत आहे, मेडिकल बोर्ड टक्का ठरवतं, २० च्या खाली असलं की बहुतेक वेळा पेन्शनचं दार बंद, आणि वर असलं की ब्रॉड बँडिंगने, म्हणजे टक्का वरच्या ठरलेल्या टप्प्यावर नेण्याने, २० चे ५० होतात. इकडे १० टक्क्यांनाही दरमहा पैसे आहेत. आणि शून्य टक्के आले म्हणून निर्णयाचा कागद फेकू नका, शून्य म्हणजे व्रण सर्व्हिसचा हे मान्य झालंय, उद्या तो दुखायला लागला तर फक्त वाढ मागायची.

अपिलाचं थोडक्यात. २०१९ च्या फेब्रुवारीपासून तीन वाटा आहेत. नवा पुरावा असेल, उदाहरणार्थ बाहेरच्या डॉक्टरने पट्टी लावून भरलेला फॉर्म, तर सप्लिमेंटल क्लेम. पुरावा फाईलमध्येच आहे पण वाचणाऱ्याने चुकीचा वाचला, तर हायर लेव्हल रिव्ह्यू, तिथे नवीन कागद अजिबात चालत नाही, लोक फोटो जोडतात आणि कोणी बघत नाही. तिसरी वाट बोर्डाची, म्हणजे व्हीएच्याच अपील मंडळाची, ती लांबची. निर्णयाच्या तारखेपासून एक वर्षाच्या आत पुढचं पाऊल टाकलंत तर क्लेमची मूळ तारीख शाबूत राहते आणि थकबाकी तिथपासून मिळते. बोर्डाने नाही म्हटलं तर कोर्टात जायला १२० दिवस, ते मात्र कॅलेंडरवर लालने लिहा.

आणि क्लेमला फी किती लागते असं विचारलं होतं कोणीतरी. पहिल्या क्लेमला कोणालाही फी द्यायची नाही, वकिलालासुद्धा नाही, कायद्यानेच घेता येत नाही. व्हेटरन्सच्या संघटनांचे मान्यताप्राप्त लोक फुकट करून देतात. निर्णय लागल्यावर अपिलासाठी वकील केलात तर थकबाकीच्या २० टक्क्यांपर्यंत फी रास्त धरतात. फोनवर कोणी पुढच्या सहा महिन्यांची वाढीव रक्कम आम्हाला द्या म्हणाला तर आधी तो व्हीएच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का ते बघा, यादी ऑनलाईन आहे, नाव टाकलं की समजतं.