समोर घडणारं गाणं

नमस्कार श्रोतेहो.

मोठ्या मैदानावर बास गिटारची जाड तार छेडली की ती कानाआधी छातीला कळते. फासळ्यांत थरथर उठते, पायाखालची जमीनही हलल्यासारखी वाटते, आणि मग ध्यानात येतं की हा सूर आहे. घरच्या छोट्या स्पीकरवर हे होत नाही. इतका खर्जातला सूर उमटवायचा तर भरपूर हवा हलवावी लागते, आणि ते काम माणसाच्या उंचीच्या स्पीकरांच्या भिंतीच करू शकतात. आता दुसरं टोक बघा. आपल्या नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या वसंतराव देशपांडे सभागृहात पुढच्या रांगेत बसावं, तिसरी घंटा व्हावी आणि ऑर्गनवर नांदीचा सूर लागावा. तिथे वादकाच्या पायाखालच्या भात्याची हालचालसुद्धा ऐकू येते.

मी या दोन्ही ठिकाणी सारख्याच ओढीने जाते. नागपुरात मात्र या दोन सुखांचे श्रोते एकमेकांना भेटत नाहीत. रॉकसाठी रात्रीची गाडी पकडून मुंबई-पुणं गाठणारी मुलं संगीत नाटकाला दिसत नाहीत, आणि नाट्यपदांवर जीव टाकणारी मंडळी मैदानातल्या आवाजाचं नाव काढलं तरी कानावर हात ठेवतात. मला अगदी मनापासून वाटतं की दोघांना एकच गोष्ट हवी आहे. आपल्या देखत घडणारं, आपल्या प्रतिसादावर वाढत जाणारं गाणं.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहात ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक सादर केले, तिथून मराठी संगीत नाटकाची वाट रुंद झाली. त्याआधी सूत्रधार बाजूला उभा राहून गायचा. आता पात्रंच गाऊ लागली आणि गाणं त्या पात्राच्या तोंडचं झालं. पुढे दोन वर्षांनी ‘सौभद्र’ आलं आणि लोकांनी ते डोक्यावर घेतलं. या सगळ्या काळात ध्वनिवर्धक नव्हता. शेवटच्या रांगेतल्या, दूर बाकावर बसलेल्या माणसापर्यंत शब्द आणि सूर दोन्ही पोचवायचे, तेही बोलता-बोलता गाण्यात शिरून. म्हणून आवाज वरच्या पट्टीत, मोकळा, फेकीचा. त्या फेकीत जो आवेश आहे त्याला मी दुसऱ्या कुठल्या शब्दाने ओळखत नाही. रॉक गाणारा गळ्याच्या शिरा ताणून वरचा सूर लावतो, तोही हाच आवेश.

बालगंधर्वांच्या नाटकांना पहाट व्हायची, हे आपण आजीआजोबांकडून ऐकलेलं असतं. कारण होतं ‘वन्स मोअर’. पद संपलं की प्रेक्षागृहातून हाक यायची आणि नट ते पद पुन्हा गायचा. पुन्हा म्हणजे तसंच नव्हे. दुसऱ्यांदा नव्या जागा, नव्या ताना, तबल्याशी वेगळी लाडीगोडी. तबल्यावर अहमदजान थिरकवांसारखा माणूस आणि सारंगीवर कादरबक्ष, मग का नाही होणार पहाट! नाटकाचं कथानक त्यामुळे थांबायचं, ही तक्रार खरी आहे आणि तेव्हाही लोक ती करत होते. पण त्या थांबण्यात प्रेक्षकाचा हात होता. आज रॉक बँडवाले शेवटचं गाणं म्हणून आत जातात, मैदान ओरडत राहतं, दिवे पुन्हा लागतात, आणि आधी चार मिनिटांचं असलेलं गाणं दहा मिनिटं चालतं. मधल्या गिटारच्या भागात वादक त्या रात्री कुठे जाईल हे त्यालाही पूर्ण ठाऊक नसतं. समोरून दाद आली तर तो आणखी एक फेरा घेतो.

एक रात्र तर अशी आहे की तिच्यासाठी शंभर वर्षं मागे जायला मी तयार आहे. 8 जुलै 1921, मुंबई. टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी एकत्र येऊन ‘संयुक्त मानापमान’ केलं. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव भोसले. दोघांचे चाहते एकाच छताखाली, दोघांच्या पदांना वन्स मोअर. त्यानंतर तीनच महिन्यांत केशवराव वारले. ध्वनिमुद्रण नाही, चित्रफीत नाही. जे तिथे होते त्यांचंच ते गाणं.

आता इलेक्ट्रिक गिटारच्या त्या खरखरीत, फाटक्या वाटणाऱ्या आवाजाबद्दल, कारण जाणकार श्रोते बहुतेक तिथेच उठून जातात. साठच्या दशकात लंडनमध्ये जिम मार्शल नावाच्या ढोलवादकाने आपल्या दुकानात अॅम्प्लिफायर बनवायला घेतले. ‘द हू’सारख्या बँडना आणखी मोठा आवाज हवा होता, म्हणून स्पीकरच्या पेट्या एकावर एक चढल्या. अॅम्प्लिफायरला त्याच्या कुवतीपेक्षा जास्त ताणलं की ध्वनिलहरीची टोकं छाटली जातात आणि मूळ सुराबरोबर त्याचे वरचे स्वरांश दाटीने उमटू लागतात. एक सूर जाड होतो, झणझणतो, लांबतो. आपल्या तानपुऱ्याची जवारी काय करते? घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून तार हलकेच घासू द्यायची, म्हणजे सूर झणझणतो आणि त्यातून वरचे स्वर फुलतात. साधनं वेगळी, पण एका सुरातून अनेक सूर काढायची भूक तीच. ज्यांनी जवारी काढणाऱ्याच्या शेजारी बसून तो क्षण ऐकला आहे, त्यांनी एकदा चांगल्या वादकाचा एकच लांबवलेला सूर शेवटपर्यंत ऐकावा.

रॉक आणि नाटक यांचं लग्न तर कधीच लागलेलं आहे. ‘द हू’ने 1969 मध्ये ‘टॉमी’ ही अख्खी गोष्ट गाण्यांतून सांगितली. अँड्र्यू लॉइड वेबर आणि टिम राइस यांचं ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ आधी 1970 मध्ये ध्वनिमुद्रिका म्हणून आलं आणि पुढच्या वर्षी ब्रॉडवेच्या मंचावर उभं राहिलं. मुंबईत अलेक पदमसींनी ते 1974 मध्ये केलं, आणि त्यात ज्यूडास कोण गायला? आपला रॉक गायक नंदू भेंडे. तोच नंदू भेंडे 1978 मध्ये पुलंच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त गायला. त्या नाटकाचं मूळ ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांच्या 1928 च्या संगीतिकेत, आणि तिचं मूळ जॉन गेच्या 1728 च्या ‘बेगर्स ऑपेरा’त. अडीचशे वर्षांत लंडन, बर्लिन आणि मग मराठी तमाशाचा बाज, त्यावर रॉकचा गळा. मराठी रंगभूमीला हे सगळं पेललं, आणि ऐटीत पेललं. आज ज्यांना रॉक परका वाटतो त्यांनी हे लक्षात घ्यावं.

आणि संगीत नाटक म्हणजे कपाटातली वस्तू असं ज्यांना वाटतं त्यांनी आपल्याच गावाकडे बघावं. ‘कट्यार काळजात घुसली’ लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर, आपले दारव्हेकर मास्तर, इथल्या रंजन कला मंदिर या नाट्यसंस्थेचे. त्यातले खाँसाहेब ज्यांनी अजरामर केले ते वसंतराव देशपांडे नागपुरात वाढले, शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले. ते सभागृह त्यांच्या नावाचं आहे ते उगाच नाही. 1967 चं हे नाटक, संगीत जितेंद्र अभिषेकींचं. त्यात गाणं मधे पेरलेलं नाही. दोन घराण्यांचा झगडा हाच विषय, त्यामुळे पात्र गायलं नाही तर नाटक पुढे सरकणारच नाही. खाँसाहेबांचा अहंकार संवादात जितका कळतो त्याच्या दुप्पट तानेत कळतो. रॉक ऑपेराची आवड असलेल्या कुणालाही मी आधी याच नाटकाला नेईन.

नव्यातलं म्हणाल तर ‘देवबाभळी’. प्राजक्त देशमुखांचं 2017 चं नाटक, आनंद ओक यांचं संगीत. मंचावर फक्त दोन बायका, तुकोबांची आवली आणि लखूबाई होऊन आलेली रखुमाई. आवलीच्या पायात काटा रुतलेला, आणि दोघींनाही आपापल्या नवऱ्याने विठ्ठलापायी किंवा भक्तापायी एकटं टाकल्याचं दुःख. अभंगाची चाल तिथे भांडणही करते. सभागृहातली विशीतली मुलं ते नाटक बघताना हुंदके देत होती, हे मी पाहिलं आहे. शेजारचे एक काका मध्यंतरात नुसतं “काय गायल्या पोरी बाप्पा!” एवढंच म्हणाले आणि चहालाही उठले नाहीत.

पहिल्यांदाच रॉक ऐकायला जाणार असाल तर थोडं सांगते. अगदी पुढे, स्पीकरच्या तोंडाशी उभं राहू नका. मैदानाच्या मध्यावर आवाज जुळवणाऱ्या तंत्रज्ञाचं टेबल असतं, त्याच्या आसपास उभं राहा. तो ज्या जागी बसून आवाज बांधतो तिथे तो सर्वांत नीट लागणार, उघड आहे. मागे दूरवर खांबांवर आणखी स्पीकर दिसतील. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे शंभर मीटरवर तो सुमारे तीन दशांश सेकंद उशिरा पोचतो. मागचे स्पीकर मुद्दाम तेवढेच उशिरा वाजवतात, नाहीतर प्रत्येक ठोका दोनदा ऐकू आला असता. आणि कानात घालायचे छोटे बोळे जवळ ठेवाच. 85 डेसिबल आवाज आठ तास चालतो, पण 100 डेसिबलला पंधरा मिनिटांतच कानाची मर्यादा संपते, असं या विषयातले तज्ज्ञ सांगतात. बोळे घातले म्हणून मजा कमी होत नाही, उलट शब्द स्वच्छ ऐकू येतात. लहान मुलांना नेत असाल तर त्यांच्या कानांवर झाकणं हवीतच.

मोबाइलबद्दल माझं मत कडक आहे. एखाद्या गाण्याचं चित्रण करा, आठवण म्हणून. पण सबंध रात्र हात वर धरून पडद्यातून बघणारा माणूस दाद द्यायला मोकळा राहत नाही, आणि गाणाऱ्यालाही समोर चेहऱ्यांऐवजी फोनच दिसतात. दाद ही गाणाऱ्याची शिदोरी आहे. ती त्याला तिथल्या तिथे मिळाली पाहिजे.

आपल्याकडे उघड्यावरचे कार्यक्रम होतात ते थंडीत. डिसेंबर उजाडला की ईश्वर देशमुख महाविद्यालयाच्या मैदानापासून रेशीमबागेतल्या सुरेश भट सभागृहापर्यंत काही ना काही चालू असतं. ध्वनिप्रदूषणाच्या नियमाप्रमाणे रात्री दहाला उघड्यावरचे ध्वनिवर्धक बंद होतात, वर्षातले काही ठरावीक दिवस सरकार बारापर्यंत मुभा देतं. म्हणून वेळेवर जा. शेवटची दोन गाणी सर्वांत चांगली असतात आणि ती घाईत उरकावी लागली की फार जीव हळहळतो.

रात्रभर गाणं ऐकायचंच असेल तर मात्र पूर्वेकडे चला. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, सगळी झाडीपट्टी. धानाची कापणी झाली, दिवाळीनंतरच्या मंडया म्हणजे गावजत्रा सुरू झाल्या की वडसा म्हणजे देसाईगंजच्या नाटक कंपन्या गावोगाव निघतात. शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती असतील त्या गावी तर नाटक ठरलेलंच. रात्री दहाच्या पुढे पडदा उघडतो आणि उजाडेपर्यंत खेळ चालतो. गाणं समोर, वाजवणारे समोर, ऑर्गनची जागा आता सिंथेसायझरने घेतली आहे आणि तबल्याच्या जोडीला ऑक्टोपॅड हे विजेवरचं तालवाद्य आलं आहे. म्हणजे पहाटेपर्यंत चालणारं संगीत नाटक आणि विजेवर वाजणारं वाद्य, दोन्ही एकाच मांडवात, आणि तेही तिकीट काढून आलेल्या शेतकऱ्यांसमोर. परशुराम खुणे या झाडीपट्टीच्या नटाला 2023 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा नागपुरातल्या कितीतरी घरांत ही रंगभूमी पहिल्यांदा कळली. ती आपल्यापासून काही तासांवर आहे.

यंदा घरातल्या कॉलेजच्या पोराला आणि सत्तरीच्या आजीला एकाच गाडीत बसवून तिकडे न्या. सोबत जाड घोंगडी, कानटोपी आणि थर्मासभर चहा घ्या, मांडवात बसायला चटई लागते. झोप आली तर तिथेच आडवं व्हायची पद्धत आहे, गाणं सुरू झालं की शेजारचे उठवतात. परतीची गाडी सकाळचीच धरा.

नमस्कार.