पेजेवर काय पेराल?

नमस्कार श्रोतेहो.

थंडीचे दिवस आहेत. निफाडचा पारा किती उतरला, हे तुम्ही बातम्यांत ऐकलंच असेल. अशा सकाळी कुणाच्या घरी नागलीची, म्हणजे नाचणीची पेज शिजते, कुणाकडे दलियाची लापशी, कुणाकडे ओट्स. ते वाटीत आलं की घरातलं एखादं माणूस हमखास तोंड वाकडं करतं. बहुतेक वेळा ते लहान मूल असतं. आमच्याकडे ते माझे सासरे होते.

आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. त्यांचे बरेचसे दात काढावे लागले होते आणि पुढचे काही आठवडे मऊच खायचं होतं. रविवार उजाडला की मिसळ खाणारा माणूस तो. मी रोज निगुतीनं पेज करायची, तूप घालायची, गूळ घालायची. चौथ्या दिवशी त्यांनी वाटी हळूच बाजूला सरकवली आणि म्हणाले, "सूनबाई, हे आजाऱ्याचं खाणं आहे. मी काही आजारी नाही."

मला ते फार लागलं, कारण त्यांचं म्हणणं खरं होतं. पेज म्हटलं की आपल्याला ताप आठवतो, दवाखाना आठवतो. दुसऱ्या दिवशी मी तीच नागलीची पेज मीठ घालून केली. वरून लसूण, जिरं आणि सुक्या मिरचीची फोडणी ओतली. त्यावर बारीक शेव हातानं चुरून टाकली, अगदी बारीक चिरलेला कांदा पेरला आणि लिंबू पिळलं. शेव दोन मिनिटांत भिजते, हिरड्यांना टोचत नाही. अण्णांनी वाटी रिकामी केली आणि विचारलं, "रस्सा आहे का अजून?"

पेजेला त्यांनी रस्सा म्हटलं, आणि त्या एका शब्दानं मला सगळं उमगलं.

श्रोतेहो, आपण नाशिककर मिसळीवर जीव टाकणारी माणसं. त्या मिसळीतून फरसाण काढा, कच्चा कांदा काढा, लिंबू काढा, शेजारचा पापड काढा. खाली उरते मटकीची उसळ आणि रस्सा. चवीला चांगलीच, पण तिच्यासाठी सकाळी रांगेत कुणी उभं राहणार नाही. मिसळीची गंमत ही की एक घास कुरकुरीत येतो, दुसरा झणझणीत, तिसऱ्यात लिंबाचा आंबटपणा लागतो. पेजेचा मात्र पहिला चमचा आणि शेवटचा चमचा सारखाच असतो, म्हणून जीभ कंटाळते. मऊवर काहीतरी कुरकुरीत हवं, गोडावर काहीतरी आंबट हवं, गरमावर काहीतरी गार हवं. एवढं जमलं की पेज रंगते.

जगात हे लोकांनी फार पूर्वी ओळखलंय. चीनमध्ये तांदळाची पेज न्याहारीला खातात, तिच्यावर तळलेल्या पिठाच्या लांब काड्या, शेंगदाणे, कांद्याची पात. जपानात पेजेच्या मधोमध एक खारवलेलं आंबटढाण फळ ठेवतात. फिलिपिन्समध्ये चॉकलेट घातलेली भाताची गोड लापशी असते आणि तिच्याबरोबर खारवलेली सुकी मासळी खातात. गोड चॉकलेट आणि खारी मासळी! ऐकायला विचित्र वाटतं, पण आपणही पुरणपोळीबरोबर झणझणीत कटाची आमटी घेतोच की. स्कॉटलंडमध्ये तर कारब्रिज नावाच्या गावात 1994 पासून लापशी करण्याची जागतिक स्पर्धा भरते. मुख्य स्पर्धेत ओट्स, पाणी आणि मीठ, एवढंच वापरायचं. पण त्याच स्पर्धेत दुसरा एक विभाग आहे, तिथं ओट्सबरोबर मनाला येईल ते घालायची मुभा असते. मला हे दोन विभाग फार आवडतात. आधी साधी लापशी नीट जमली पाहिजे, मग तिच्यावरची कलाकुसर.

तेव्हा आधी साधीविषयी थोडंसं. नागलीचं पीठ कधीही उकळत्या पाण्यात टाकू नका. गरम पाणी लागताच पिठाचं बाहेरचं अंग शिजून चिकट होतं, आतलं कोरडं राहतं, त्याचीच गुठळी होते. एका वाटी पाण्याला दोन मोठे चमचे पीठ धरा, थोड्या गार पाण्यात ते कालवून घ्या, मग उरलेल्या उकळत्या पाण्यात धार सोडून ढवळत राहा. कच्चा वास जाऊन पेजेला तकाकी आली की झालं. दलिया असेल तर आधी तुपावर खरपूस भाजा. आणि गोड करणार असलात तरी मिठाची चिमूट विसरू नका. वाटीत ओतल्यावर दोन मिनिटं थांबा. तेवढ्यात पेज जरा आळते आणि वर पेरलेलं बुडत नाही.

आता वरचं. आपल्या जिल्ह्यात काय कमी आहे? जानेवारी ते एप्रिल द्राक्षं. ती नुसती चिरून घालण्याऐवजी एकदा असं करून बघा. लोखंडी तव्यावर अर्धा चमचा तूप, त्यावर मूठभर द्राक्षं, आच मोठी. साल तडकून रस बाहेर आला की लगेच उतरवा आणि रसासकट ओट्सवर घाला. वर जरा मिरपूड. गोड, आंबट आणि किंचित तिखट, तिन्ही एका चमच्यात. एक सांभाळा, द्राक्षं दुधात टाकून उकळू नका. आंबट फळानं गरम दूध फाटतं. फळ नेहमी शेवटी, वाटीत वरून.

सुरगाण्याकडे गेलात तर सापुताऱ्याच्या रस्त्यावर या दिवसांत स्ट्रॉबेरी विकायला बसलेल्या बायका दिसतील. स्ट्रॉबेरी आणि काकवी, नागलीच्या पेजेवर. तिचा रंग त्या तपकिरी पेजेवर इतका सुरेख दिसतो की मुलं आपणहून वाटी ओढून घेतात. सटाणा, देवळ्याकडचं डाळिंब असेल तर दाण्यांवर काळं मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड भुरभुरा. पेरू असेल तर बारीक फोडी. पेरूत क जीवनसत्त्व भरपूर असतं आणि धान्यातलं लोह अंगी लागायला त्याची मदत होते. नागलीत मुळातच शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. म्हणजे ही वाटी गुणाची आहेच, तिला फक्त चवीची साथ हवी. मे महिन्यात त्र्यंबक, हरसूलकडची करवंदं आली की ती गुळात परतून घाला. संक्रांतीचे दिवस असतील तर तिळाची वडी कुटून टाका, शेंगदाण्याची चिक्कीही चालेल.

पण खरं सांगू? मी तिखटमिठाच्या पेजेच्या बाजूची आहे. आपण पेज गोडातच अडकवून ठेवली, हा तिच्यावर फार मोठा अन्याय झाला असं मला मनापासून वाटतं.

माझं माहेर पेठ तालुक्यातलं. आमच्याकडे डोंगरउतारावर नागली, वरई आणि खुरासणी. खुरासणी फुलली की सगळी टेकडी पिवळी होते. ज्यांना खुरासणी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, हेच ते कारळे, काळं बारीक तेलबी. आई ती मंद आचेवर भाजायची. तडतड थांबायची आणि घरभर खमंग वास सुटायचा. मग लसूण, सुकी मिरची आणि खडं मीठ घालून पाट्यावर चटणी वाटायची. नागलीच्या ताकातल्या गार आंबिलीवर ती चटणी चिमटीनं टाकायची आणि बोटानं कडेकडेनं ओढत खायचं. ढवळायचं नाही. ढवळलं की सगळं एकच होतं. आईचा हा नियम मी आजही प्रत्येकाला सांगते, वरून घातलेलं कालवू नका, चमच्यात थोडं थोडं घ्या.

त्याच आंबिलीवर नागलीचाच पापड भाजून चुरला तर? एकच धान्य, खाली मऊ आणि वर कुडकुडीत. मला वाटतं, आपल्या भागातली सगळ्यात देखणी वाटी हीच. उन्हाळ्यात त्यावर कैरी किसा. पावसाळ्यात गरम भगरीच्या पेजेवर तळलेली सांडगी मिरची कुस्करा, तुपात लालसर तळलेला लसूण घाला. लासलगावचा कांदा उभा पातळ चिरून, तेलात तपकिरी होईस्तोवर तळून डब्यात भरून ठेवा. चार दिवस कामाला येतो. आणि घाई असेल तर डब्यातला चिवडा आहेच. मूठभर चिवडा, लिंबाची फोड, कोथिंबीर. मात्र चिवड्यात मीठ असतं, तेव्हा पेजेत हात राखून घाला.

घरात लहान मुलं असतील तर दोन गोष्टींकडे डोळ्यात तेल घालून लक्ष द्या. अख्खं द्राक्ष आणि अख्खा शेंगदाणा घशात अडकू शकतो. द्राक्षाचे उभे चार तुकडे करा आणि शेंगदाण्याचं कूट घाला. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात देऊ नका, पेजेवर चाटायलासुद्धा.

मोठ्या मुलांच्या पुढ्यात मात्र चार-पाच लहान वाट्या मांडा. एकीत लाह्या, एकीत डाळिंबाचे दाणे, एकीत खोबऱ्याचा कीस, एकीत चटणी, एकीत शेव. पेज तुम्ही वाढा, वरचं त्यांना पेरू द्या. एखादं पोर डाळिंबावर शेव टाकेल. टाकू द्या. मी खाऊन पाहिलंय, छान लागतं.

अण्णांचे नवे दात पुढे बसले, मिसळ पुन्हा सुरू झाली. पण थंडीत आठवड्यातून एकदा तरी ते स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन विचारायचे, "सूनबाई, आज पेज टाकतेस का? शेव मी आणतो."

नमस्कार.