पिलाताला आपण फार सवलत दिली

फादर, सिस्टर्स आणि पंख्याखालची जागा धरून बसलेले सज्जनहो,

विषय आहे ‘सत्य, सत्ता आणि ख्रिस्तराजा’. ख्रिस्तराजाकडे येतोच, पण आधी येशूला क्रुसावर देणाऱ्या पिलाताचा, म्हणजे यहुदियाच्या त्या रोमन सुभेदाराचा, हिशेब चुकता करू द्या. बरीच वर्षं तुंबलाय.

आपल्याकडच्या गुड फ्रायडेच्या नाटकांत पिलात नेहमी धिप्पाड, भारदस्त आवाजाचा आणि बहुधा कमिटीतला असतो. एका गावी पाहिला तो तर चक्क रडला. स्टीलच्या घमेल्यात हात धुतले, शिपायाने पुढे केलेल्या टर्किश टॉवेलला पुसले आणि ‘लोकच ऐकत नाहीत, मी काय करू’ अशा चेहऱ्याने प्रेक्षकांकडे पाहिलं. माझ्या शेजारच्या आजी हळहळल्या, “बिचारा!” येशू बाजूलाच मार खाऊन उभा होता, त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

‘याच्या रक्ताचा दोष माझ्यावर नाही’ म्हणत हात धुण्याचा प्रसंग येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी एकट्या मत्तयाकडे आहे. तेवढ्या घमेलंभर पाण्यावर आपण त्याला निर्दोष सोडला! हा माणूस होता कसा? यहुदी इतिहासकार जोसेफस सांगतो, की जेरुसलेमच्या पाण्याच्या पाटासाठी याने मंदिराच्या खजिन्याला हात घातला. लोक ओरडत जमले, तर साध्या वेशातले सैनिक गर्दीत पेरले, कपड्यांखाली सोटे लपवून. खूण झाली आणि झोडपणं सुरू. कित्येक मेले. (साध्या वेशातले म्हटल्यावर मागे कुणीतरी हसलं. मी रोमविषयीच बोलतोय.) शेवटी शोमरोनी लोकांची, म्हणजे शेजारच्या शोमरोन भागातल्यांची, कत्तल अंगाशी आली आणि इ.स. 36 च्या सुमारास त्याला जाब द्यायला रोमला पाठवलं गेलं. 1961 साली कैसरियाला, जिथून तो कारभार करायचा तिथे, त्याच्या नावाहुद्द्याचा कोरीव दगड सापडला, तोही कुठे, तर जुन्या नाट्यगृहाच्या पायऱ्यांत. नाटकवाल्यांना तेवढाच आधार.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

तर योहानाचं शुभवर्तमान, अध्याय 18. पिलात विचारतो, तू राजा आहेस का? येशू म्हणतो, माझं राज्य या जगाचं असतं तर माझी माणसं लढली असती. मी सत्याची साक्ष द्यायला आलोय. त्यावर पिलाताचं ते प्रसिद्ध वाक्य, “सत्य काय आहे?” यावर प्रवचनांमागून प्रवचनं झाली, जणू तो मोठा तत्त्वचिंतक. पण पुढची ओळ वाचा. उत्तरासाठी न थांबता तो बाहेर जातो आणि लोकांना सांगतो, मला याच्यात काही दोष सापडत नाही. म्हणजे त्या खटल्यातलं सत्य त्याला पक्कं ठाऊक होतं! तरी फटके मारवले.

मग आत येऊन ऐट काय, तर तुला सोडायचाही अधिकार मला आहे आणि क्रुसावर द्यायचाही. बाहेरून आवाज येतो, याला सोडलंस तर तू कैसराचा, म्हणजे रोमच्या सम्राटाचा, मित्र नाहीस. संपला अधिकार. सोडवत नाही त्याच्याने. त्या वाड्यात खुर्ची सांभाळायची नव्हती असा एकच माणूस होता, आणि त्याचे हात बांधलेले होते. मी त्याला राजा म्हणतो ते यासाठी.

पोप पायस अकरावे यांनी 1925 मध्ये ख्रिस्तराजाचा सण घातला, तेव्हा इटलीत मुसोलिनी सत्तेवर होता. आपण तो सोनेरी मुकुट आणि बँड लावून करतो. बँडला माझी हरकत नाही, पण मुकुट काट्यांचा होता.

आणि क्रुसावरची ती पाटी. ‘यहुद्यांचा राजा’, हिब्रू, लॅटिन, ग्रीक अशा तीन भाषांत. मुख्य याजक म्हणाले, ‘मी राजा आहे असं हा म्हणाला’ असं लिहा. पिलात म्हणाला, मी लिहिलं ते लिहिलं. साऱ्या प्रकरणात गृहस्थ अडून बसला तो एवढ्यावर, आणि तेही बहुधा याजकांना खिजवायला.

बाकीचं चहाला विचारा.