दहा दिवसांची रजा

ट्रेझरी (बँकेची गुंतवणूक सांभाळणारा विभाग), करन्सी चेस्ट (रिझर्व्ह बँकेच्या नोटांचं कोठार) अशा संवेदनशील जागांवरच्या बँक कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा, आगाऊ न सांगता, सलग किमान 10 कामकाजी दिवस रजेवर पाठवायचं, हा रिझर्व्ह बँकेचा नियम. 2021च्या परिपत्रकानुसार त्या काळात कामाशी संबंधित सगळं त्याला बंद. अपवाद फक्त ऑफिसच्या ई-मेलचा. नियम गैरव्यवहार उघडे पाडण्यासाठी आहे. पण फोर्टपासून बोरिवलीपर्यंत कुठल्याही बँकेत याच दिवसांत हेही कळतं, की कोणतं काम एकाच माणसाच्या डोक्यात अडकलंय.

चेकचंच घ्या. 4 ऑक्टोबर 2025पासून चेकच्या प्रतिमा दिवसा कामाच्या वेळेत सतत येत राहतात. ज्या बँकेवर चेक काढलाय तिने संध्याकाळी 7पर्यंत कळवलं नाही, तर तो मंजूर धरला जातो. म्हणजे सही पडताळणारा दिवसभर हवा. तो जेवायला उठला, तर शेजारच्याला ठाऊक हवं : सही जुळत नसेल तर खातेदाराला फोन कधी करायचा, 50,000 किंवा जास्त रकमेच्या चेकला पॉझिटिव्ह पेचा, म्हणजे खातेदाराने चेकबद्दल बँकेला आधीच कळवलेला, तपशील कुठे बघायचा, परत पाठवताना कोणतं कारण लावायचं.

नेहमीची पद्धत मॅन्युअलमध्ये असतेच. अडतं ते अपवादांवर. दादरच्या शाखेत मृत खातेदाराची पत्नी येते. ती नॉमिनी आहे. दाव्याचा अर्ज, मृत्यूचा दाखला आणि तिची ओळख एवढं पुरतं. जुना क्लार्क बदलून गेलेला असतो, नवा घाबरतो आणि कोर्टाचा वारस दाखला मागतो. त्या बाईंच्या महिनोन् महिन्यांच्या खेपा एका न सांगितलेल्या वाक्यामुळे.

म्हणून प्रत्येक टेबलाला एक पान हवं : अपवाद, परिपत्रकाचा क्रमांक व तारीख, सही कुणाची. नियम बदलला, की जुनं पान त्याच दिवशी ड्रॉवरमधून काढून टाकायचं. जुनी छापील प्रत कोऱ्या कागदापेक्षा घातक. बदलीआधी दोन आठवडे नव्याने काम करायचं, जुन्याने शेजारी बसायचं, माउसला हात न लावता. हे झालं नाही, की पुढे जातो तो पासवर्ड, आणि मग मेकर-चेकर ही दोन माणसांची तपासणी नावापुरती उरते.

त्या 10 दिवसांत रजेवरच्याला फोन करायचा नाही. जे जे विचारावंसं वाटलं, ते वहीत टिपायचं. तो परत येतो तेव्हा त्या पानाचा मसुदा तयार असतो.